डावखुरी

शेवटच्या दृश्यात दोन पडदे एकमेकांच्या विरुद्ध गेले.

सकाळपासून ते जुळ्या बहिणींसारखे वागत होते. डाव्या पडद्यावर जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेला सिनेमा, उजव्यावर तोच सिनेमा मूळ निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केलेला. डावं चित्र मळकट, कडा विरघळलेलं, त्यातला लाल रंग दुधासारखा उतू जाऊन शेजारच्या रंगात शिरलेला; उजवं इतकं लख्ख की मुलांच्या स्वेटरचे टाके मोजावेत. दोन्हींत एकाच क्षणी तेच दार उघडायचं, तोच मासा जिना चढायचा. ती समोर बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती आणि फरक टिपून ठेवत होती. तिचं कामच ते. कंपनी जुने सिनेमे धुऊनपुसून घरी बघायच्या डिस्कवर आणायची, आणि डिस्क बाहेर पडण्याआधी शेवटची सही तिची असायची. नोकरीच्या कागदावर तिला दर्जा तपासनीस म्हटलेलं होतं. इमारतीत सगळे नुसतं तपासनीसबाई म्हणत. आणि आता, सिनेमा संपायला दोन मिनिटं उरलेली असताना, बंदराच्या पायऱ्यांवरचा म्हातारा घरमालक डाव्या पडद्यावर डाव्या हाताने टोपी हलवत होता आणि उजव्या पडद्यावर उजव्या हाताने. तिने चित्र थांबवलं. दोन्ही म्हातारे टोपी वर धरून थांबले.

सिनेमा मुलांचा होता, मुलांच्याच एका गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला. एका रात्रीत समुद्र आटतो, मासे नाइलाजाने शहरात येतात आणि भाड्याने खोल्या शोधू लागतात. नगरपालिकेची माणसं त्यांना धरून न्यायला येतात तेव्हा शहरातली मुलं कागदाच्या लगद्याची माशांची डोकी घालून रस्त्यावर उतरतात, म्हणजे मासा कोण आणि मूल कोण ते कुणाला कळू नये. शेवटी समुद्र परत येतो, मासे पाण्यात उतरतात, आणि बारा मुलं पायऱ्यांवर एका रांगेत उभी राहून आपापली डोकी काढतात. चार सेकंद आणि वर आठ फ्रेम. एकूण एकशे चार. हा आकडा तिला मोजावा लागला नाही. इतरांना आपल्या घराचा नंबर पाठ असतो तसा तो तिला पाठ होता.

कुठला पडदा खरा, हा प्रश्न सोपा होता आणि तिने तो सोप्या प्रश्नासारखाच सोडवला. म्हाताऱ्याच्या कोटाची बटणं. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर चढते. उजव्या पडद्यावर ती तशी चढलेली होती. डाव्या पडद्यावर म्हातारा घाईत बायकोचा कोट घालून आल्यासारखा दिसत होता. खात्रीसाठी तिने निगेटिव्हच्या कडेला छापलेले बारीक आकडे उघडून पाहिले. ते सुलटे वाचता येत होते. म्हणजे कॅसेट उलटी होती. फिल्म पारदर्शक असते, कुठल्याही बाजूने प्रकाश टाकला तरी चित्र दिसतंच, फक्त डाव्याचं उजवं होतं. कॅसेट तयार करताना कुणीतरी हा शेवटचा तुकडा पालथा लावला असणार, जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचं म्हणून. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात ही चूक पहिल्याच दिवशी पकडली गेली असती, कारण दुकानांच्या पाट्या उलट्या दिसल्या असत्या. पण या बंदरावरच्या सगळ्या पाट्या माशांच्या लिपीत होत्या. सिनेमावाल्यांनी ती लिपी मुद्दाम बनवून घेतली होती, खवल्यांची आणि कल्ल्यांची, आणि ती सुलटी काय, उलटी काय, सारखीच अगम्य होती. तीस वर्षं घराघरांतल्या मुलांनी समुद्र चुकीच्या बाजूने परत येताना पाहिला आणि कुणाला काही वाटलं नाही.

चूक सापडली की एरवी तिला बरं वाटायचं, पायात रुतलेला काटा निघाल्यावर वाटतं तसं. आज बरं वाटलं नाही. कारण तिच्या मनापर्यंत जरा उशिराच पोचलं. रांगेतली तिसरी मुलगी. डाव्या पडद्यावर ती डाव्या हाताने माशाचं डोकं वर उचलत होती.

त्या हातावर तिच्या घराचं छप्पर उभं होतं. या बारा मुलांत तिची धाकटी बहीण होती. धाकटी गेली तेव्हा सहा वर्षांची होती आणि सिनेमा अजून पुरा व्हायचा होता. तापाचे चार दिवस, पाचव्या दिवशी सकाळी मान ताठ, सहाव्या दिवशी काहीच नाही. तिचे फोटो मोजून दोन. एकात ती कापडात गुंडाळलेलं गाठोडं होती, दुसऱ्यात शाळेच्या वर्गाबरोबर, पण ऐन वेळी तिने मान फिरवली होती आणि तोंडाच्या जागी एक पांढुरकी रेघ उमटली होती. थेटरात सिनेमा लागला तेव्हा आईने त्या रस्त्याने जाणंसुद्धा सोडलं. मग चार वर्षांनी कॅसेट आली. वडिलांनी शेजाऱ्यांकडून प्लेअर मागून आणला, सगळे जमिनीवर बसले, आणि शेवटच्या दृश्यात आई एकदम गुडघ्यांवर उठून म्हणाली, "ही. ही बघा. डावा हात." बारा मुलं, बारा धूसर ठिपके, त्यांतल्या अकरांचं आईला काही पडलं नव्हतं. बाराही जणांत डाव्या हाताने डोकं काढणारी ती एकच दिसत होती. धाकटी डावखुरी होती, चमचा डाव्या हातात, खडू डाव्या हातात, आईचा पदरसुद्धा डाव्या हातात. दुसऱ्या दिवशी वडिलांनी स्वतःचा प्लेअर आणला.

त्यानंतर वडील जाईपर्यंत आणि ते गेल्यावरही आईने ती चार सेकंदं किती वेळा पाहिली याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, पण टेपने ठेवला होता. चित्र जागच्या जागी थांबवलं तरी आतलं फिरतं चाक फितीवर घासत राहतं आणि तेवढाच तुकडा झिजत जातो. जिथे जास्त पाहिलं तिथेच कमी दिसू लागलं. शेवटी शेवटी त्या जागी आडव्या पांढऱ्या रेघांचा पाऊस पडायचा आणि त्यामागे एक हात वर जाताना दिसायचा, आणि आई म्हणायची, "आज जरा बरी दिसली." दोन वर्षांपूर्वी प्लेअर मेला तो मेलाच. आता आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नवीन भिंग बसवलं होतं, आणि लेकीच्या कंपनीत तो सिनेमा आलाय हे कळल्यापासून ती रोज संध्याकाळी दार उघडताना विचारायची, "माझ्या लेकीला धुवायला टाकलंय तुम्ही. परत देताय कधी?"

"वेळ लागतो गं."

"एवढी मळली होती का?"

"आई, काम करायला तीन माणसं आहेत."

"मी एकटी दोघींना न्हाऊ घालत होते. वीस मिनिटांत."

उजव्या पडद्यावर, खऱ्या पडद्यावर, ती मुलगी डावखुरी नव्हतीच. आता ती तिसरी नव्हती, दहावी होती, आणि उजव्या हाताने डोकं उचलत होती. निगेटिव्ह हुशार नसतं, दयाळूही नसतं. त्याच्यावर जेवढा प्रकाश पडला तेवढंच ते सांगतं. तिने चित्र एकेक फ्रेम पुढे सरकवायला सुरुवात केली. चाळिसाव्या फ्रेमला माशाचं तोंड हनुवटीच्या वर गेलं. पंचावन्नाव्या फ्रेमला चेहरा पूर्ण दिसला. गोल चेहरा, हनुवटीवर डावीकडे तीळ, एक कान जरा बाहेर आलेला, आणि हसताना वरचा एक दात नाही. अगदी स्पष्ट, अगदी जिवंत, आणि तिने आयुष्यात कधी न पाहिलेला. ही कुणाची तरी मुलगी होती. आज ती चाळिशी ओलांडलेली बाई असेल, तिला स्वतःची मुलं असतील, आणि एका अनोळखी घरात तीस-बत्तीस वर्षं आपल्यासाठी कुणी रडतंय याची तिला गंधवार्ताही नसेल.

मग तिने बाकीच्या अकरांकडे पाहिलं. शास्त्र शिकलेल्या माणसाने पाहावं तसं, डावीकडून, एकेक करत, कुणाला न वगळता. दोन्ही हात, दोन्ही, दोन्ही, पुन्हा दोन्ही. सगळे चेहरे, सगळे परके. फक्त अगदी डावीकडच्या कडेला, कॅसेटच्या अरुंद चित्रात अर्धी कापली गेलेली एक बुटकी मुलगी उभी होती, आणि तिचं डोकं निघत नव्हतं. ती डाव्या हाताने माशाचा कल्ला धरून ओढत होती. विसाव्या फ्रेमला ओढत होती, साठाव्या फ्रेमला ओढत होती, एकदा उजवा हातही मदतीला आला आणि परत खाली गेला. एकशे चाराव्या फ्रेमला हात तसाच कल्ल्यावर होता. त्यानंतर समुद्र होता.

आता तिला ते आठवलं, किंवा असं म्हणणं जास्त बरोबर होईल की आता तिला ते न आठवणं जमेना. शूटिंगसाठी शाळेतून बारा मुलं निवडली होती. ती स्वतः दहा वर्षांची, पायरीवर उभी केली तर सगळ्यांच्या वर डोकावायची, म्हणून तिला वगळलं आणि कपड्यांचं बघणाऱ्या बाईने तिला हाताशी घेतलं. "तू शहाणी दिसतेस, यांच्या नाड्या बांध." डोक्याला आतून नाडी होती, ती हनुवटीखाली बांधायची, एक ओढली की सुटेल अशी सरकगाठ. तिने अकरा जणांना सरकगाठ मारली. धाकटीला मारली ती पक्की गाठ. का, हे तिच्याजवळ दोन प्रकारे होतं. एकात धाकटीच कानाशी येऊन म्हणत होती, "ताई, घट्ट बांध, पुस्तकातल्यासारखं." कारण पुस्तक दोघींना पाठ होतं, तिनेच वाचून दाखवलेलं, आणि पुस्तकात शेवटी एका मुलीचं डोकं निघतच नाही, मग ती मुकाट्याने माशांबरोबर पाण्यात उतरते, सिनेमावाल्यांनी ते काढून टाकलं होतं, मुलं थेटरात रडतील म्हणून. दुसऱ्या प्रकारात धाकटी काहीच म्हणत नव्हती, नुसती आनंदाने थुईथुई नाचत होती, आणि गाठ मारणाऱ्या हातांना ते बघवत नव्हतं. दोन्ही आठवणी सारख्याच स्वच्छ होत्या, नाडीचा खरखरीतपणा, लगद्याचा ओला वास, मानेवरचे बारीक केस, आणि हीच गोष्ट दोन्हींविरुद्ध जात होती. दोन मोजमापं परस्परविरोधी आणि दोन्ही इतकी नेमकी असली की दोष यंत्रात असतो. संध्याकाळी घरी येताना धाकटी म्हणाली होती, "माझं निघालंच नाही." आणि ती म्हणाली होती, "आईला सांगू नकोस." एवढं मात्र एकाच प्रकारे आठवत होतं.

आणि चार वर्षांनी आई गुडघ्यांवर उठून "ही बघा" म्हणाली तेव्हा? तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तिला ते माहीत होतं की नाही? तिला वाटलं होतं की कदाचित नंतर पुन्हा एकदा शूटिंग केलं असेल, तेव्हा निघालं असेल. असं वाटणं म्हणजे माहीत नसणं नव्हे.

दार न वाजवता आत आला तो इस्त्री. पन्नाशीचा माणूस, पलीकडच्या खोलीत चित्राची सफाई करायचा, ओरखडे बुजवायचा, डाग काढायचा; नट्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही नाहीशा करतो म्हणून त्याला सगळे इस्त्री म्हणत आणि त्याच्या खोलीला लाँड्री. त्याच्या हातात स्वतःचा कप होता आणि त्याने दोन्ही पडदे पाहून तोंडाने आवाज काढला.

"अरे वा. कॅसेट पालथी. आणि इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही."

"पाट्या वाचता येत नाहीत ना."

"खरं ठेवायचं की कॅसेटसारखं? तुम्ही काय, खरंच म्हणणार. तुम्हाला विचारणं म्हणजे उगाच तोंडाची वाफ."

ती पडद्याकडे बघत राहिली. दहाव्या मुलीचा हसरा चेहरा तिथे थांबलेला होता, पडलेल्या दातासकट. जुन्या फिल्मच्या चित्रात जे बारीक दाणेदार थरथरणं असतं त्याला इथे सगळे रवा म्हणत. कंपनीला रवा आवडत नसे, गिऱ्हाइकांना तो कचरा वाटायचा. मशिनचा जोर वाढवला की रवा जायचा आणि त्याबरोबर जे जे बारीक असेल ते जायचं, केस, टाके, पापण्या, आणि माणसं मेणाची दिसायला लागायची. कारण मशिनला फक्त एवढंच कळतं की काय मोठं आणि काय बारीक. गेली अकरा वर्षं ती रव्यासाठी भांडत आली होती. रवा म्हणजेच चित्र, तो काढला तर उरतं ते चित्राबद्दलचं कुणाचंतरी मत, हे वाक्य तिने बैठकांमध्ये इतक्या वेळा म्हटलं होतं की इस्त्री ते तिच्याच आवाजात म्हणून दाखवायचा.

"कॅसेटसारखं ठेवा," ती म्हणाली.

कप टेबलावर टेकला. "काय?"

"लोकांनी असंच पाहिलंय. सवय झालीये. आणि या शॉटला रवा फार आहे. काढा."

"किती?"

"सगळा. जोर नऊवर ठेवा."

"नऊ? बाई, नऊ लावलं तर ही पोरं मेणबत्त्या होतील. तुम्हीच मला पाचच्या वर हात लावू देत नाही. तब्येत बरी आहे ना?"

"मुलं मागे आहेत, लांब आहेत. कोण बघतंय त्यांच्याकडे."

इस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. तो पुढे काही विचारील असं तिला वाटलं, आणि विचारावं असंही वाटलं. "मला काय," तो म्हणाला. "सही तुमची." दारातून परत वळून म्हणाला, "बाकीचा सिनेमा आरशासारखा आणि शेवटी एकदम शेवाळ. कुणी बोललं तर मी तुमचं नाव सांगणार हं." तो हसला, कारण असं काही तिच्या बाबतीत कधी होणार नाही याची त्याला खात्री होती. तासाभराने शॉट परत आला. मुलं डावीउजवी बदलून उभी होती. चेहऱ्यांच्या जागी कातडीच्या रंगाचे गुळगुळीत गोल होते, त्यांना डोळ्यांच्या जागी सावली, तोंडाच्या जागी सावली. तिसरी मुलगी डावा हात वर नेत होती. ती कुणीही असू शकत होती, म्हणजे ती आता धाकटी असू शकत होती. तपासणीच्या कागदावर शेवटच्या दृश्यापुढे तिने लिहिलं, ठीक. आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली. ती जरा वेडीवाकडी येईल असं तिला वाटलं होतं.

डिस्क आली ती सात आठवड्यांनी. रविवारी सकाळी आईने अंघोळ करून, डोळ्यात थेंब टाकून, खुर्ची टीव्हीपासून दोन हातांवर ओढून घेतली. सरळ शेवट लावू का, असं तिने विचारलं तर आई म्हणाली, "पहिल्यापासून. पाहुण्याच्या घरी गेल्यागेल्या ताटावर बसतं का कुणी?" आणि मग दीड तास आई लहान मुलीसारखी बोलत होती. "अगं, हा निळा आहे होय? मी इतकी वर्षं काळा समजत होते." "ह्या बाईच्या कानात काहीतरी आहे बघ." "भिंतीला तडा गेलाय. खराच गेलाय की काढलाय?" नव्या भिंगाने आलेली नजर आई घरभर वापरून झाली होती, पातेल्यांच्या बुडांवर, लेकीच्या केसांतल्या पांढऱ्यांवर, आणि आज ती नजर ज्यासाठी आली होती तिथे निघाली होती. लेक आईच्या मागे उभी होती. आईची पाठ ताठ होती, खांदे पुढे. बंदर आलं. म्हाताऱ्याने टोपी हलवली. मुलं रांगेत उभी राहिली.

चार सेकंदं गेली. समुद्र आला.

"परत लाव," आई म्हणाली.

तिने परत लावलं. आईने चष्मा काढला. तिने पुन्हा लावलं. आईने ऑपरेशन न झालेला डोळा हाताने झाकला, मग हात काढून दुसरा झाकला. चौथ्या वेळी आईने चित्र तिसऱ्या मुलीवर थांबवायला लावलं आणि उठून अगदी काचेपाशी गेली, इतकी की तिच्या गालावर पडद्याचा उजेड पडला. चुकतंय कुठे ते तिला शोधायचं होतं, आणि शोधायला दोनच जागा होत्या, स्वतःचा डोळा आणि हा पडदा.

"आत्तापर्यंत सगळं दिसलं," आई सावकाश म्हणाली. "बटणं दिसली. तडा दिसला. नेमकी हीच कशी दिसत नाही मला?" तिने डोळा पुसला. "पाणी येतंय म्हणून असेल. तुला दिसते का गं? स्वच्छ?"

नाही म्हटलं असतं तर ते खरं होतं. मग आई म्हणाली असती, डिस्क खराब आहे, बदलून आण, तिथे तू करतेस काय दिवसभर? मग ती बदलून आणायची का, काय बदलून आणायचं, कुठली मुलगी आणायची? तिने आईच्या मानेकडे पाहिलं.

"दिसते," ती म्हणाली.

"स्वच्छ?"

"हो."

आई परत खुर्चीत येऊन बसली. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. डोळे मिटले. "मग सांग मला. कशी दिसते ते सांग. सावकाश सांग."

सांगायला तिने तोंड उघडलं. धाकटीचा चेहरा सांगायचा, त्यात अवघड काय होतं. सहा वर्षं तो तिच्या शेजारच्या उशीवर होता. तिने तो शोधला. मानेवरचे केस सापडले. हात सापडला, नखांत अडकलेल्या खडूसकट. आवाज सापडला. हनुवटीखाली बोटांना लागलेली मऊ जागा सापडली. या सगळ्याच्या मधे चेहरा असायला हवा होता आणि तिथे काहीच नव्हतं. काळोखही नव्हता. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथून नस बाहेर पडते तिथे एक जागा आंधळी असते, प्रत्येकाला असते, आणि मेंदू आजूबाजूचा रंग आणून ती इतकी बेमालूम भरून टाकतो की जन्मभर कुणाला पत्ता लागत नाही. ती कधीपासून तशी भरलेली जागा बघत होती? या वर्षी? कॅसेट आली तेव्हापासून? आई वाट बघत होती. पापण्यांखाली बुबुळं हलत होती.

"हसतेय," ती म्हणाली.

"हसतेय ना? मला वाटलंच."

"गोल चेहरा. कान जरा बाहेर आलाय, एकच."

"हं."

"आणि पुढचा एक दात नाहीये. वरचा."

आईचे डोळे मिटलेलेच होते, पण कपाळाला आठी पडली. "दात? दात पडला नव्हता गं तिचा." टीव्हीचा बारीक आवाज येत होता. "पडला होता का?"

ती म्हणू शकली असती, नाही, सावली असेल. धाकटी गेली तेव्हा तिचे सगळे दुधाचे दात जागच्या जागी होते. आईने नुसतं हे एक वाक्य कितीदा म्हटलं होतं, दातसुद्धा पडला नाही हो पोरीचा एक. ती म्हणू शकली असती. "दिसतंय तसं," ती म्हणाली.

"पडला असेल." आठी हळूहळू सुटली. "हो, पडलाच होता की. मीच नाही का काढला, दोरा बांधून? केवढी रडली होती. तू दाराआड लपली होतीस, तुझाही काढीन म्हणून." आई हसली. पुष्कळ वर्षांनी तिचं तोंड असं सैल पडलं होतं. "आणखी सांग."

"हनुवटीवर तीळ आहे."

"तो तर जन्मापासूनचा," आई लगेच म्हणाली. "मी त्यावर पावडर लावायची. तुला आठवत नाही?"

"आठवतो," ती म्हणाली, आणि खरोखरच तिला तो आठवत होता.